मालाची बरणी

"आई, ती आली आहे. उंच आहे. तुझ्यापेक्षा उंच. हातात बांगड्या भरपूर आहेत, पण चालते तेव्हा वाजवत नाही."

मी दाराच्या चौकटीला धरून जागच्या जागी थांबले. लग्न होऊन या घरातली माझी ती पहिली सकाळ. चूल पेटवायला उठले होते. काडेपेटी कुठे ठेवतात ते माहीत नव्हतं, म्हणून शोधत स्वयंपाकघरामागच्या खोलीपर्यंत आले, तर आत कुणीतरी बोलत होतं.

आत मयूरी होती, माझे यजमान जयसिंगराव यांची मुलगी. आठेक वर्षांची असेल. फळीवर एक मोठी काचेची बरणी होती आणि तिच्या तोंडावर पांढरं फडकं बांधलं होतं. मयूरी पाटावर चढून त्या बरणीला कान लावून उभी होती. ती बोलायची थांबली तेव्हा मला तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला. बारीक, सूं सूं असा. दात मिटून कुणी हळूहळू श्वास सोडावा तसा.

"कुणाशी बोलतेस गं?" मी विचारलं.

ती दचकली नाही. "आईशी."

"आणि आई काय म्हणते?"

"ती बोलत नाही. ऐकते."

तिच्यावरून नजर काढून मी खिडकीकडे पाहिलं. खिडकीबाहेर, मागच्या अंगणात, जयसिंगराव रिकामी बादली हातात घेऊन उभे होते. पाणी आणायला निघालेला माणूस मध्येच थांबावा तसे. मी दिसताच ते खाली बघून निघून गेले.

मी कराडची. वडील अंथरुणाला खिळले होते, त्यांच्या सेवेत माझं लग्नाचं वय मागे पडलं. ते गेल्यावर भावाने हे स्थळ आणलं. मुलगा बिजवर, पण चांगला. कोरेगावच्या बाजूला आल्याची शेती, निर्व्यसनी, एक मुलगी. मी हो म्हणाले. बिजवराकडे जाताना पहिलीचा फोटो भिंतीवर असेल, तिच्या नावाची भांडी वापरावी लागतील, एवढी तयारी मी मनाशी केली होती. ती घरात श्वास घेत असेल असं मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं.

सांगितलं ते शेजारच्या आक्कांनी. त्या जयसिंगरावांच्या चुलतबहीण, विधवा, एका भिंतीपलीकडे राहायच्या. दुपारी सुपात लसूण घेऊन आल्या आणि सोलता सोलता म्हणाल्या, "बरनी बघितलीस न्हवं? ती मालाची हाय."

माला म्हणजे पहिली. विजयमाला. लग्नाआधी ती पाचगणीच्या एका निवासी शाळेत लहान मुलांची देखभाल करायची. तिथल्या म्हाताऱ्या मेट्रनने तिला ते पेय शिकवलं होतं. तिकडे त्याला जिंजर एल म्हणायचे. इकडे गावात त्याचा आल्याचा सोडा झाला. शेतातलं ताजं आलं धुवायचं, पण सोलायचं नाही. आक्कांच्या म्हणण्याप्रमाणे त्याचा सगळा जीव सालीत. सालासकट किसून साखरपाण्यात टाकायचं, वर फडकं बांधायचं, आणि रोज त्यात थोडा किस आणि थोडी साखर घालत राहायचं. काही दिवसांनी ते पाणी जिवंत होतं. बुडबुडे धरतं, फसफसतं. मग आलं आणि साखर उकळून केलेल्या गार पाकात लिंबू पिळायचं, बरणीतलं हे जिवंत पाणी वाटीभर घालायचं आणि बाटल्यांत भरून बुचं तारेनं बांधून ठेवायची.

"म्हणजे विरजणासारखं," मी म्हणाले.

"तसंच. आन् इरजन कसं, खायाला घातलं तर जगतंय." आक्कांनी हात थांबवले. "लई हाल झाले पोरीचे. पोटात पानी ठरत न्हवतं. पर ह्ये चमचाभर घेतलं की जरा डोळं मिटायची. जायच्या आदी मयूला जवळ घेतली आन् म्हनली, हिला रोज आलं-साकर घाल. ही जित्ती हाय तवर मी हाय असं समज."

"एवढ्याशा मुलीला असं सांगायचं?"

"मरनाऱ्यानं काय बोलावं, ते का कुनाच्या हातात असतंय?"

त्यानंतर मला त्या खोलीत जाताना अंग चोरावंसं वाटू लागलं. खोली लहान, अंधारी. खाली दोन लाकडी खोकी, त्यांत बाटल्या. दर आठवड्याला जयसिंगराव नव्या बाटल्या भरायचे आणि रोज सकाळी एकेकीचं बूच सैल करून आतला वारा सोडायचे, पुन्हा घट्ट करायचे. ते काम ते देवपूजेसारखं करत. एकदा मी मदतीला म्हणून खाली बसले, तर त्यांनी माझ्या हातातली बाटली काढून घेतली. रागाने नाही, सावकाश.

"शालन, तू यात हात घालू नकोस. बाकी घर तुझं आहे."

बाकी घर माझं होतं, हे खरंच. तांदळाचा डबा मी कुठेही हलवला तरी कुणी काही म्हणायचं नाही. जयसिंगराव वाईट नव्हते. कधी आवाज चढवला नाही, कधी ताट सरकवलं नाही. पण ते जेवताना अर्धं लक्ष मागच्या खोलीकडे असायचं. दुपारच्या शांततेत एखादं बूच आपोआप फट्कन उडायचं, तेव्हा आम्ही तिघंही माना वर करायचो. मयू लगेच पाटावरून उठायची. "आई चिडली," असं म्हणायची, किंवा कधी "आई हसली." मग आत जाऊन बोलत राहायची. तिचं बोलणं साधंच असायचं. आज शाळेत काय झालं. गाय आटली. बाबांनी तोच शर्ट पुन्हा घातला, कॉलर काळी झाली आहे. बाबा काल जेवले नाहीत, नुसतं ताक प्यायले. मावशीने भाकरी केली, चांगली फुगली होती.

मला ती मावशी म्हणायची. तोंडावर मोजकं बोलायची. बरणीपाशी मात्र माझ्याविषयी भरभरून सांगायची. मी भिंतीआड उभी राहून स्वतःबद्दल ऐकायचे. मावशी रात्री उशीत तोंड खुपसून रडली. मावशीला वांगं आवडत नाही, तरी बाबांसाठी करते. ऐकताना वाटायचं, या घरात मला कुणीच बघत नाही असं मी समजत होते, आणि ही पोर तर सगळं बघते. पण बघून सांगते कुणाला, तर मेलेल्या बाईला.

आणि दर वेळी जयसिंगराव जवळपास असायचेच. खिडकीबाहेर, नाहीतर दाराशी. हातातलं काम थांबवून, भिंतीला खांदा लावून. मुलीचं बोलणं संपलं की ते गुपचूप निघून जायचे. मला वाटायचं, ते बायकोचा श्वास ऐकायला येतात.

एकदा पाहुण्यांसाठी बाटली उघडली तेव्हा मीही तो सोडा चाखला. आल्याचा झणका आधी नाकात, मग घशात, मागून लिंबू आणि थोडी गोडी. इतकी चांगली चव होती की मला राग आला. वाईट असती तर बरं झालं असतं.

असं एक वर्ष गेलं. दुसऱ्या उन्हाळ्यात माझं मन उठलं. त्याला कारण असं मोठं काही घडलं नव्हतं. एका संध्याकाळी मी नवी साडी नेसून पडवीत बसले होते, जयसिंगराव बाहेरून आले, माझ्याकडे बघून त्यांचा चेहरा क्षणभर उजळला, आणि मग ओळख पटल्यासारखा विझला. बस, तेवढंच. दुसऱ्या दिवशी मी आक्कांना म्हणाले, "मी कराडला जाऊन येते."

"किती दिस?"

"ते तिथे गेल्यावर ठरवीन. परत यायचं की नाही, तेही."

आक्कांनी समजूत घातली नाही. पण मला लगेच निघता येईना, कारण जयसिंगराव बेणं बघायला केरळात निघाले होते. लावणीचे दिवस तोंडावर आले होते आणि नव्या जातीचं आल्याचं बेणं आणायचं त्यांनी आणि दोन शेतकऱ्यांनी ठरवलं होतं. मुलीला एकटं सोडून कसं जाणार? ते परत आले की निघायचं, असं मी मनाशी पक्कं केलं.

जाताना त्यांनी मयूला सांगितलं, "बरणीला जप." मला म्हणाले, "मुलीला जप." बाटल्यांबद्दल काहीच बोलले नाहीत. चार दिवसांत येतो म्हणाले होते.

आले नाहीत. पोस्टात फोन आला, निरोप्याने सांगितलं की बेणं मिळालं पण ट्रक मिळत नाही, अजून काही दिवस लागतील. इकडे ऊन असं पडलं होतं की पत्र्याखाली हात धरवत नव्हता. मागच्या खोलीत तर भट्टीच. येता-जाता मला बाटल्या दिसायच्या. बुचांच्या तारा ताणलेल्या, काचेआड फेस वर चढलेला. रोज वारा सोडायचा असतो हे मला माहीत होतं. एकदा मी मयूला म्हणालेही, "बुचं सैल करू या का?"

"बाबांनी हात लावू नका म्हटलंय."

"मग तू कर."

"मला जमत नाही. तार बोटात घुसते."

दुसऱ्या दिवशी आक्कांकडून पक्कड आणून ते काम करायचं असं मी ठरवलं. ती दुपार मात्र त्या आधी आली.

मी पडवीत धान्य निवडत होते. मयू आत किस घालायला गेली होती, बोलल्याचा आवाज येत होता. आधी एक आवाज झाला, बंदुकीसारखा. मला वाटलं, कुणी फटाका लावला. मग दुसरा. मग एकामागून एक, आणि त्यांच्यामध्ये काच पडल्याचा, छपराला काहीतरी आदळल्याचा. मयू ओरडली नाही. तेच मला जास्त भयंकर वाटलं.

मी धावले. वलणीवर गोधडी वाळत होती ती ओढून डोक्यावर घेतली. खोलीच्या दारातून काही दिसेना. सगळीकडे पाणी, फेस, आल्याचा उग्र वास, आणि मधूनच उडणाऱ्या काचा. एका स्फोटाने दुसरी बाटली फुटत होती. मयू फळीखाली कोपऱ्यात गुडघे छातीशी धरून बसली होती. कपाळावरून रक्त डोळ्यात उतरलं होतं आणि ती एका डोळ्याने माझ्याकडे बघत होती.

मी तिच्यावर पडले. दुसरा शब्द नाही त्याला. गोधडीसकट तिच्यावर पडले आणि तिला पोटाशी घेतलं. पाठीवर काहीतरी फटकन बसलं, दंडात आग झाली. गोधडीच्या अंधारात तिचा श्वास माझ्या गळ्यावर लागत होता. भराभर, गरम. आणि माझ्या मनात एकच आलं: हा श्वास जिवंत माणसाचा आहे.

आवाज थांबल्यावर तिला उचलून बाहेर आणलं. आक्का तोवर धावत आल्या होत्या. डॉक्टरांनी मयूच्या कपाळाला टाके घातले, माझ्या दंडातली काच काढली. "डोळा वाचला," एवढंच ते म्हणाले.

घरी आल्यावर मी एकटीच मागच्या खोलीत गेले. फळीवर बरणी नव्हती. तिचा तळ तेवढा शाबूत होता, जमिनीवर, आणि त्यात चमचाभर गढूळ पाणी. बाकीचं सगळं शेणाच्या जमिनीने पिऊन टाकलं होतं. किसाचे धागे भिंतीला चिकटले होते. मी कान देऊन उभी राहिले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्या खोलीत कसलाही आवाज नव्हता.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटली ती भीती. आता त्या मुलीला काय सांगायचं?

ती माझ्या मागेच उभी होती. कपाळाला पट्टी, अंगात आक्कांच्या नातीचा झगा. तिने खाली पडलेला तळ पाहिला. मी तिला धरायला पुढे झाले. रडेल, किंचाळेल, काहीही करेल, अशी तयारी केली.

"मावशी," ती म्हणाली, "बाबा यायच्या आत नवी करायला पाहिजे."

"काय?"

"बरणी. आक्कांकडे तशीच एक आहे, लोणच्याची. धुऊन घेऊ. बुडबुडे धरायला वेळ लागतो, आजच किस घालू या. बाबांना कळायला नको."

"मयू, अगं पण..." मी म्हणाले. "ती आईची होती ना?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू आम्हा दोघींत मोठी तीच होती.

"ती आईची नव्हतीच. आईची मेली."

"कधी?"

"तेव्हाच. आई गेल्यावर सगळे जमले होते, तेव्हा कुणी तिला खायला घातलं नाही. मी मामाकडे होते. परत आले त्या दिवशी सकाळी मी उठले, तर बाबा गोठ्यामागे होते. बरणी उपडी करून धूत होते. वास येत होता. मग त्यांनी तिच्यात नवं आलं घातलं. आणि मला हाक मारून म्हणाले, मयू, ये, आईला खाऊ घाल."

"तू तेव्हा त्यांना काही बोलली नाहीस?"

"बाबा रडत होते."

ती पाच वर्षांची असताना हे सगळं तिने पाहिलं होतं. त्यानंतर रोज सकाळी ती पाटावर चढून त्या बरणीला कान लावत होती.

"मग तुला हवी आहे का बरणी?" मी विचारलं. "खरं सांग. तुला स्वतःला?"

तिने मान हलवली. नको. "पण बाबांना लागते."

आक्कांची बरणी आम्ही आणली. मयूने किसणी धरली, मी आलं धरलं. तिच्या बोटाला ओरखडा पडला तेव्हा तिने ते तोंडात घातलं आणि तिखट लागून तोंड वाकडं केलं. मी पाहिलेलं तिचं पहिलं लहान मुलासारखं तोंड ते. किस घातला, साखर घातली, फडकं बांधलं. फळीवर ती बरणी जुनीच असल्यासारखी दिसत होती, फक्त मुकी.

पण जयसिंगराव दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी आले. कुणीतरी वाटेत त्यांना बातमी सांगितली होती. ते धावतच अंगणात शिरले, मयूचं डोकं दोन्ही हातांत धरलं, पट्टी बघितली, माझा दंड बघितला. मग ते मागच्या खोलीत गेले. आम्ही दोघी त्यांच्या मागे.

नवी बरणी त्यांनी एका नजरेत ओळखली. ओळखणारच. बुडबुडा नव्हता तिच्यात. ते मयूसमोर गुडघ्यावर बसले.

"रडू नकोस बाळा," ते म्हणाले. मयू रडत नव्हती. "आई कुठे गेली नाही. मी तिच्यातलं थोडं पाणी वेगळ्या बाटलीत काढून ठेवलं आहे. शेतातल्या खोलीत. मला माहीत होतं, असं काही होईल म्हणून. ते आणू. ते आईचंच आहे."

इतक्या सफाईने ते बोलले, की मला कळलं, असं त्यांनी आधीही केलं आहे. एकदा नाही, कितीदा कुणास ठाऊक. मयूने माझ्याकडे पाहिलं. ती हो म्हणायला निघाली होती. तिचा चेहरा तयार झाला होता, मान हलायला लागली होती. आणि मला दिसलं, की आज मान हलली तर ती आयुष्यभर हलत राहील.

"तिला माहीत आहे," मी म्हणाले.

जयसिंगराव वळले. त्यांचा इतका कठोर आवाज मी कधी ऐकला नव्हता. "काय माहीत आहे? तू काय सांगितलंस तिला?"

"मी काही नाही सांगितलं. तिनेच मला सांगितलं."

"बाबा," मयू म्हणाली, "तुम्ही गोठ्यामागे बरणी धुतली होती. मी उठले होते तेव्हा."

त्यांना आधी ते समजलंच नाही. मग समजलं. गुडघ्यावर बसलेला तो माणूस आणखी खाली बसला, चिकट जमिनीवर, काचांच्या बारीक चुऱ्यात.

"मी विसरलो," ते म्हणाले. मला नव्हे, मयूलाही नव्हे, जणू खोलीला सांगत होते. "लोक येत होते, जात होते. कुणाला चहा, कुणाला पाणी. तिने एकच गोष्ट मागे ठेवली होती. एकच. आणि माझ्या हातून तीही मेली." त्यांनी मान वर केली. "मग रोज... रोज तू कुणाशी बोलत होतीस?"

"तुमच्याशी."

जयसिंगरावांनी दाराकडे पाहिलं.

"तुम्ही दाराशी उभे असायचात ना," मयू म्हणाली. "सरळ तुम्हाला सांगितलं तर तुम्ही ऐकत नव्हतात. बरणीला सांगितलं की ऐकायचात. मी म्हटलं बाबा जेवले नाहीत, की तुम्ही दुसऱ्या दिवशी जेवायचात."

जयसिंगरावांनी तोंडावर पदर घ्यावा तसा गळ्यातला टॉवेल तोंडावर घेतला. पुरुषाचं तसलं रडणं मी आधी ऐकलं नव्हतं. आवाज मोठा नव्हता, पण संपत नव्हता. मयूने पुढे होऊन त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि ती तशीच उभी राहिली, कंटाळली तरी.

मी बाहेर आले. ते दोघांचं होतं, त्यात माझं काम नव्हतं. माला या घरातून चार वर्षांपूर्वी गेली असं सगळं गाव म्हणायचं; माझ्या डोळ्यांदेखत ती त्या संध्याकाळी गेली. नंतर कित्येक महिने, आक्कांची बरणी परत करून फळी रिकामी झाली तरी, मला सकाळी ती सूं सूं ऐकू यायची. भाकरी थापताना हात थांबायचे. मी वळून बघायचे, आणि कधी कधी जयसिंगरावही त्याच वेळी वळलेले असायचे.

पण तो दिवस अजून संपला नव्हता. मी मागच्या उंबऱ्यावर बसले होते. कोंबड्या खुराड्याकडे निघाल्या होत्या, समोर नांगरून तयार ठेवलेल्या रानाचा रंग उतरत चालला होता. मयू येऊन माझ्याशेजारी टेकली. पट्टीखालची जखम ठणकत असावी, कारण तिने डोकं माझ्या चांगल्या दंडावर ठेवलं.

"मावशी," ती म्हणाली, "तू गेलीस तर मी काय सांभाळायचं?"

"कुठे गेले तर?"

"कुठेही."

आक्का तिला काही बोलल्या होत्या का, की ती नेहमीसारखी भिंतीआडून ऐकत होती, ते मी विचारलं नाही.

"काही नाही," मी म्हणाले. "काहीसुद्धा सांभाळायचं नाही. पोटभर रडायचं आणि मग पोटभर जेवायचं."

"आणि बोलावंसं वाटलं तर?"

"ज्याच्याशी बोलायचं आहे, त्याच्याकडे तोंड करून बोलायचं."

तिने यावर विचार केला. मग उठून आत गेली. जयसिंगराव अजून मागच्या खोलीत होते, काचा झाडल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"बाबा," मयूचा आवाज आला, "आईला सोडा आवडायचा का हो?"

केरसुणी भिंतीशी टेकवल्याचा आवाज आला.

"छे गं," ते म्हणाले. आवाज घोगरा होता, पण त्यात दुसरंही काहीतरी होतं, जे मी त्यांच्याकडून कधी ऐकलं नव्हतं. "तोंड वेडंवाकडं करून प्यायची. शाळेतल्या पोरांसाठी करायला शिकली म्हणून करायची. तिला चहा लागायचा. उकळून उकळून काळा केलेला. आणि बशीत ओतून, फुर्र करून. तुझी आजी ओरडायची तिला."

"फुर्र करून?"

"असा."

आणि त्यांनी तो आवाज काढून दाखवला. मयू हसली. मग तिने आणखी काहीतरी विचारलं, मग त्यांनी आणखी काहीतरी सांगितलं. मी उंबऱ्यावर बसून ऐकत राहिले. दिवा लावायची वेळ टळून गेली, तरी आमच्यातलं कुणी उठलं नाही.